मुली शाळा काहून सोडतात

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या हाताखाली शिकलेली आम्ही सगळीच आता निवृत्त झालोय. तरी आज लिहायला बसले, कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या ट्रेनिंग कॉलेजातलं ते वर्ष. साठचं दशक नुकतंच लागलं होतं. प्रत्येकाने एक लहानसा अभ्यास करायचा होता आणि मी मोठ्या ऐटीत परिकल्पना लिहून आणली होती: ‘अडाणी पालकांच्या उदासीनतेमुळे खेड्यातल्या मुली शाळा सोडतात.’ तुम्ही कागद वाचता, चष्मा काढता आणि घरच्या बोलीत बोलता. “पोरी, हे तं उत्तर झालं. प्रश्न कुठी आहे? उदासीनता तू पाह्यली? थे डोळ्याले कशी दिसते, सांग मले.” मी कागद परत घ्यायला हात पुढे करते. “आन् हे खोटं ठरवाचं असन तं काय पाहाचं, थेही लिहून आण. खोटं ठरूच शकत नसन तं थे तुह्यं मत आहे, परिकल्पना नाही.” सगळ्या वर्गासमोर. माझे कान तापले. सरकारी नोकराची मुलगी मी, घरात पुस्तकं; मला असं कुणी बोललं नव्हतं.

पंधरा दिवसांत चार वेळा कागद परत आला. शेवटी प्रश्न उरला तो एवढाच: मुली शाळा काहून सोडतात? आणि परिकल्पना अशी, की त्या धानाच्या रोवणीसाठी, म्हणजे भातलावणीसाठी, घरी थांबतात. तसं असेल तर रोवणी संपल्यावर परत यायला हव्यात. लालबर्रा रोडवरचं एक गाव मी निवडलं. ट्रेनिंगला येण्याआधी तिथे वर्षभर शिकवलं होतं, त्यामुळे हजेरीपट सहज मिळणार होता. तो पाहिला आणि माझी परिकल्पना एका वस्तीपुरती खोटी ठरली. रोवणीनंतर बहुतेक मुली परतल्या होत्या. नुकत्याच बौद्ध झालेल्या वस्तीतल्या मात्र परतल्या नव्हत्या.

त्या वस्तीत एका अंगणात मी वही उघडून बसते. समोर एक आई सुपात तांदूळ निवडतेय. तुमची मुलगी शाळेत का येत नाही, असं मी विचारते. ती माझ्याकडे बघत राहते. “वळखलं नाही काय बाई मले?”

मी नाही म्हणून मान हलवते.

“शाळंतल्या माठाले हात लावू देत नव्हते. पोरगी तहानली का घरी पळत ये. वर्गातून पळाली म्हून तुमी तिले उभी ठेवत होत्या. तीन डाव आलती मी तुमच्याकडे सांगाले. तुमी म्हनलं, उद्या पाहू.”

तिच्या आवाजात राग नव्हता. मला तिचा चेहरा आठवेना. मुलीचाही आठवेना.

मग मी पाण्याचा प्रश्न घेऊन आणखी दोन शाळा पाहिल्या. जिथे माठ सगळ्यांना खुला होता, तिथे त्या वस्तीतल्या मुली टिकल्या होत्या. तीन शाळांवरून याहून जास्त म्हणू नकोस, असं तुम्ही बजावलंत. अहवालात मी लिहिलं, ‘तत्कालीन शिक्षिकेने तक्रारीकडे दुर्लक्ष केले.’ तुम्ही त्या ओळीवर थांबलात. “हे मास्तरीन कोन?”

“आता ती तिथे नाही, सर.”

“हौ,” तुम्ही म्हणालात आणि पान उलटलंत. तुम्हाला कळलं होतं का, ते मला आजही ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात तुम्ही स्वतः बसने त्या गावी गेलात, हेडमास्तरांशी बोललात आणि सगळ्या मुलांदेखत त्या माठातलं पाणी वस्तीतल्या एका चिमुरडीच्या हातून प्यालात. तिच्या वयाच्या मुली पुढे शाळेत टिकल्या. मी उभी ठेवलेली मुलगी परत आली नाही. ती वारासिवनीच्या एका राईस मिलमध्ये कामाला लागली होती.

तुम्ही गेलात तेव्हा माझी बदली लांजीला झाली होती. खबर पोचेपर्यंत अंत्यविधीही उरकला होता.

नंतर मीही ट्रेनिंगला आलेल्यांना शिकवलं. प्रश्न कसा घडवायचा हे सांगताना दर वर्षी हीच हकिकत सांगत आले. आणि सर, दर वर्षी मी सुरुवात ‘तिथे एक शिक्षिका होती’ अशीच केली.