यंदा कढई चढली

आसगाव
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

गोदाबाई,

लहान बहिणीचा नमस्कार घे. तुमच्याकडे सगळे बरे असतीन. आमच्याकडेही खाऊनपिऊन बरे हायेत. तुझ्या सासूचं, सत्यभामाबाईचं कसं हाय? अंथरुणावरच हाय का काही बदल?

फोन काहून नाही केला म्हणशीन. फोन लावला का डिंपलचे बाबा स्पीकर सुरू करतेत, अना मंग तेच बोलत राहतेत. शेजारची तृप्ती भंडाऱ्याले कॉलेजात जाते, तिच्या हाती चिठ्ठी देऊन राहिली. अक्षर समजून घे. चौथीपर्यंतच त शिकली मी.

सोमवारी आमच्या गावची मंडई, दिवाळीमागची जत्रा. डिंपलच्या बाबानं सगळ्यायले बोलावलं. जवाई, साळे, मित्र, मित्रायचे मित्र. रात्री नाटक, म्हणून सगळे मुक्कामालेच येतेत. तिकडे हलका धान कापाले आला, कापणाऱ्या बायायची भाजीभाकर माझ्याकडे. अना इकडे कढई चढली ते उतरूनच नाही राहिली. मी म्हटलं, यंदा राहू द्या. तर म्हणतेत, "आता पोराची वरसी झाली. किती दिवस घर बंद ठेवतेस? चार माणसं आली का तुले बरं वाटन."

मी म्हटलं, "बरं मले वाटाचं अना मटण त्यायनं खाचं."

काल करंज्या तळता तळता डोळ्यात पाणी आलं. नणंद रिता आली हाय भाऊबीजेची, ते म्हणते, "वहिनी, धूर लागला का?" मी म्हटलं, "गॅसले धूर असते का वो?" ते उठून करंजी भराले बसली असती त बोलली नसती मी.

गेली दिवाळी आठवते तुले? माझा पोरगा दसऱ्याच्या आधी शहापूरजवळ ट्रकखाली आला, अना मागून दिवाळी आली. दुःखाचं घर, कढई चढवाची नाही. गल्लीतल्या बायायनं डबे आणून देल्ले. मी भिंतीकडे तोंड करून पडून होती. कोणी ऊठ म्हटलं नाही. कोणी चहा मांगितला नाही. लगन झाल्यापासून सणासुदीले मी पडून राहिली ते तेवढंच. रडाले जागा होती. वरसी झाली अना ते जागाही गेली. त्याची गादी डिंपलच्या बाबानं उन्हात टाकली हाय. पाहुण्यायले लागन म्हणतेत.

आता जे लिहाचं नव्हतं ते लिहून राहिली.

तुझी सासू म्हणजे आमच्या घरची काकी. भावकी एकच. ते गेली त आम्हालेही दहा दिवस सुतक. कढई उतरन, मंडईचे पाहुणे येणार नाही, मी पडून राहीन. फोन वाजला का मी पिठाचे हात घेऊन धावून राहिली. तुझा नसला का माझा जीव बसून जाते. गोदाबाई, मी एका जित्या बाईच्या मरणाची वाट पाहून राहिली. कायले? त पडाले भेटन म्हणून. तुले राग आला त येऊ दे. शिव्या दे. लपवून मी काय करू.

मंडईले येऊ नोको म्हणत नाही. ये. पण रविवारी सकाळीच ये अना एकटी ये. माझी चूल तू पाह्य, मी तुझ्या घरी जाईन. सत्यभामाबाईजवळ कोणी बसत नाही म्हणत होती न तू. मी बसीन. तिचं पाणी, तिचे कपडे, सगळं करीन. ते बोलत नाही, अना मलेही कोणी बोललेलं नोको.

डिंपलचे बाबा बोंबलतीन. बोंबलू दे. मंडईच्या दिवशी घरची बाई पळाली म्हणतीन गावातले. पळालीच म्हणा.

तू नाही आली तरी मटण रांधलं जाईन. हात आपोआप चालतेत. पण पाहुणे गेल्यावर माझ्यात काही उरन, असं मले वाटत नाही.

तुझी,
भुपेंद्रची माय