एका चुलीचं गाव

२४ ऑक्टोबर १९३६
मी जाणार नाही! सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चौकात खेचरांवर घोंगड्या, कढया, कोंबड्या लादणं चाललं होतं. धाकटा दीर स्तेर्यो आमच्या तांड्याचा पुढारी. म्हणाला, "वहिनी, सेंट दिमित्रीच्या सणाला सगळं गाव खाली मैदानात उतरतं. तुम्ही काय वर अस्वलांना गोष्टी सांगणार?"
त्याची बायको ह्रिसा. तिला तर आयतंच फावलं. "हिवाळ्यात वर फक्त मेलेले राहतात, ताई!"
असू दे. माझा नवराही इथेच पुरलाय, तेवढीच सोबत.

२६ ऑक्टोबर
गेले. ह्रिसाच्या खेचराची फुटकी घंटा खिंडीपर्यंत ऐकू येत होती. रडले. मग रडण्याचाच राग आला.
गेल्या हिवाळ्यात सरकारी कारकून आला, कुलपं बघितली आणि लिहून मोकळा झाला — गाव ओस! अरे, पाशाच्या माणसांनी दोनदा जाळलं, आम्ही अर्मान मेंढपाळांनी दोनदा बांधलं, ते काय ओस ठेवायला? यंदाही ओस दिसलं तर झऱ्यापासून खिंडीपर्यंतची कुरणं सरकारजमा. मग उन्हाळ्यात मेंढ्या काय दगड चाटतील? पुरुष म्हणतात, वसंतात अर्ज करू. करा अर्ज! मी इथे बसते.

९ नोव्हेंबर
बर्फ. लाकडं आहेत, चीज आहे. बोलायला कुणी नाही.

२ डिसेंबर
कारकून आला, बूट भिजवून. रानपाल्याची पोळी वाढली, चापून खाल्ली. वर म्हणतो कसा, "आजीबाई, एका चुलीला गाव म्हणता येत नाही. चार-पाच धुराडी तरी हवीत. सहा जानेवारीला बाप्तिस्म्याचा सण झाला की शेवटचा येऊन जाईन."
"पाय शेकलेत ना? ओस गावात कुठे शेकले असतेत?"
बूट चढवून निघाला. त्याच्याच खेचरवाल्याकडे खाली निरोप दिला — चार बायका पाठवा.

१९ डिसेंबर
खेचरवाला उत्तर घेऊन आला. स्तेर्यो म्हणतो, वसंतातल्या सेंट जॉर्जच्या सणाआधी आजवर कुणी वर चढलेलं नाही, चढणार नाही. ह्रिसाचा निरोप वेगळा — "मेलेल्यांना आमचा नमस्कार सांगा."
भवानी!

२७ डिसेंबर
सगळ्या घरांच्या किल्ल्या माझ्याकडेच आहेत. पाच चुली मी एकटीही पेटवू शकते. ह्रिसाच्या दाराशी लाकडं घेऊन गेलेही. परत फिरले. गाव खरं आहे, त्याला खोटा धूर कशाला? कारकून आला की त्याच्या वाटेत आडवी बसेन. लिही म्हणावं मला ओस!

५ जानेवारी १९३७
फुटकी घंटा! आणि चढावरून!
धावत जाऊन दार उघडलं. दारात ह्रिसा, पापण्यांवर बर्फ. मागे तिघीजणी, धापा टाकत.
"बघता काय, ताई? माझ्या घराची किल्ली द्या!"