चौथी सुपारी

२ नोव्हेंबर १९९८, सोमवार
आले बाई एकदाची देवासहून लेकाकडे, श्रीकांतकडे! फ्रीगंजात वर घर, खाली त्याचं ऑफिस. मी चौथी पास, पण नातीने वही दिली, आजी रोज लिहायचं म्हणाली. भार्गवी नऊ वर्षांची, हुकूम मात्र सासूचा! घाटावरचे पंडे, म्हणजे तीर्थावरचे भटजी, त्यांच्या वह्यांतल्या वंशावळ्या श्रीकांत कॉम्प्युटरात भरतो. कोण कुणाचा, कधी गेला, सगळं. सर्वर दोन होते, एक इथे, एक रामघाटावर. कुठेही लिहा, फोनच्या तारेतून दुसरीकडे उमटतं. आज भैरवगढसाठी तिसरा जोडला. मी म्हटलं, तीन तिगाडा काम बिगाडा! देवघरापाशी तिघांना तीन सुपाऱ्या मांडल्या, शेजारी चौथी ठेवली, म्हटलं हा चौथा, ये बाबा, बैस. सून मंगला म्हणाली, आता मुंजही करून टाका त्याची.

५ नोव्हेंबर, गुरुवार
खाली ऑफिसात बसून नोंदी एका बोटाने टाइप करते मी! ज्या सर्वरवर लिहिलं त्याचा नंबर नोंदीपुढे येतो. दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर? श्रीकांत म्हणाला, जो शेवटी लिहील त्याचं खरं. म्हणजे घरासारखंच. पण एका नोंदीपुढे ४ कसा? देवासचे आमचे शेजारी तात्या, गेले ६ तारखेला. अहो, ६ तर उद्या! घाटावरच्या सर्वरवर बसतो त्या वसंताचा चावटपणा. पहिल्यापासून मला तो बरा वाटत नाही.

७ नोव्हेंबर, शनिवार
तात्या काल गेले. वसंताला झापलं. माँजी, मी तर हफ्ताभर गावाला होतो, म्हणाला. खरंच होता, श्रीकांतही म्हणाला. चौथा सर्वर कुणी जोडलाच नाही, असंही म्हणाला. सुपारीचं मी बोलले नाही.

१० नोव्हेंबर
आमच्या घराण्याचं पान. भार्गवी, गेली १२ नोव्हेंबर. पुढे ४. पुसलं. परत आलं. श्रीकांतने तारा काढल्या. तरी आलं —

११
चौथी सुपारी क्षिप्रा नदीत सोडली. देवघरापाशी परत आहे, ओली. भार्गवीला ताप.

१२
रिकामी जागा त्याला चालत नाही. तिचं नाव खोडून माझं घातलं. त्याने तिचं आणलं. मी परत माझं. बोलावलं मीच ना —

दुपार. माझंच नाव आहे. आता खोडत नाही तो. वरून मंगला ओरडली, ताप उतरला, वरणभात मागतेय! हात गार पडलेत. भार्गवी, वही तुझी. सुपारी कुणी मांडली तर तिला ये असं कधी —