एस्परांतोतच मागायचं!

३ जुलै
आजपासून बालवर्गात एस्परांतो, जगासाठी मुद्दाम बनवलेली भाषा. मुख्याध्यापिकाबाईंना पटवलं: ही भाषा म्हणजे लहान सायकलची बाजूची चाकं. नियम सोपे, अपवाद नाहीत. एकदा तोल सावरला की फ्रेंच, जर्मन आपोआप. बाईंनी विचारलं, तुम्हाला येते ना? म्हटलं, अर्थात! (पुस्तकाचे तीन धडे झालेत. पोरांच्या एक धडा पुढे राहिलं की झालं.)

६ जुलै
सालूतोन म्हणजे नमस्कार. हुंदो म्हणजे कुत्रा. भिंगरी (एका जागी बसत नाही, म्हणून हे नाव) तासभर हुंदो होऊन बाकांखाली रांगली. याला म्हणतात रुजणं.

११ जुलै
चौथा धडा राहिला. डोकं दुखत होतं. शिवाय भाषा मुरू द्यावी लागते. नामं ओकारान्त असतात, म्हणून 'खुर्चीओ' शिकवलं. तत्त्वतः बरोबर.

१२ जुलै
नवा नियम. काहीही हवं असेल तर एस्परांतोतच मागायचं. भाषा गरजेतून येते. वर्गात कमालीची शांतता. बाई दारातूनच कौतुक करून गेल्या.

१४ जुलै
भिंगरीने हात वर केला. आपल्या भाषेत सुरुवात केली. मी बोट हलवलं. ती पायावर पाय घेत उभी राहिली. मग म्हणाली, सालूतोन. म्हटलं, छान, पण हवंय काय? ती म्हणाली, दान्कोन. म्हणजे आभार. मग अगदी हळू, आक्वो. म्हणजे पाणी. मी खूश होऊन बाटली दिली. ती रडत रडत प्यायली.
मग चड्डी ओली झाली. पोरं हसली.

संध्याकाळी
हल्लीचे पालक बाटल्या फार मोठ्या देतात. सभेत मांडायला हवं. बायकोला सांगितलं. तिने विचारलं, मग त्या पोरीने म्हणायचं तरी काय होतं? म्हटलं, तो शब्द पुढच्या धड्यात असेल. ती उठून आत गेली.

१७ जुलै
भिंगरी आली नाही. सर्दी असेल.
सर्दी नसणार.

१८ जुलै
भिंगरी आली. तिच्या आईने जादा चड्डी दिली. म्हणाली, "सर, पोरीने सगळे शब्द पाठ केले होते हो. रागावू नका तिला." माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "बघू."

दुपारी भिंगरी कानाशी आली. आपल्याच भाषेत, घाबरत म्हणाली, "सर, शूला त्यात काय म्हणतात?"
म्हटलं, "मला नाही येत."
ती म्हणाली,
"मग तुम्ही कसे जाता?"