वासितीच्या हॉटेलातला कोकोंदा

सुवा, ४ मे

ती. तोरिका वन्संना,
धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुम्ही पाठवलेल्या चटया बोटीवरून कोरड्या पोचल्या. मी बरी आहे. दुपारी वाचनालयात जाते, संध्याकाळी यांच्या कबरीवर फुलं ठेवून येते.

वासितीचं नाव पत्रात काढू नकोस असं तुम्ही बजावलंत, तरी मी काढणार. ती तुमची मुलगी असली तरी यांची लाडकी भाची आहे, आणि हे गेल्यापासून दर रविवारी माझं दार तीच वाजवते. तिचं हॉटेल सुरू झालं. तूराकच्या चढावरचं जुनं लाकडी घर आहे, नाव ठेवलंय ‘रारा’.

सुवाला सध्या हॉटेलांचं वेड लागलंय. बंदराजवळ औतारांच्या सुनेने लाकडाच्या चुलीवर मटण शिजवायला घेतलंय, मी दोनदा वाढून घेतलं. एका कोरियन जोडप्याने तर टेबलातच शेगडी बसवलीय, ज्याने त्याने आपापलं भाजून खायचं. मी मांसाआधी बोट भाजून घेतलं. वासिती मला सगळीकडे घेऊन फिरली. पण खरं सांगते, रारासारखं कुठेच नाही. नारळाच्या दुधातली अळूची पानं अशी मऊ, की शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी इकडेतिकडे बघत बोटाने ताट पुसलं. कंद भुईतल्या भट्टीतले, धुराचा वास असलेले. वर्तमानपत्रातही छापून आलं.

लिंबाच्या रसात मुरवून नारळाच्या दुधात घातलेला कच्चा मासा, यांचा आवडता कोकोंदा, त्याची वाटी तिने पुढे ठेवली तेव्हा मात्र मी ती सरकवली. यांच्यासाठी सोडलाय ना. वर्ष होऊन गेलं, अजून मी काळ्या कपड्यांत आहे. हे सुतक उतरवायला यांची बहीणच हवी, आणि तुमच्याशिवाय कोण उरलंय? तुम्ही येते म्हणता आणि बोट चुकवता. गुडघे दुखत असतील तर तसं कळवा.

माया असू द्या.
तुमची अकोसिता

*

कंदावू बेट, १७ मे

चि. अकोसिता हिला,
थोरल्या नणंदेचे आशीर्वाद. वि. वि.

पुस्तकं वाचून तुझी पत्रं लांबायला लागलीत. माझ्या भावाला बिचाऱ्याला जिवंतपणी घरात हे रोज ऐकावं लागलं असेल.

माझे गुडघे ठणठणीत आहेत. मी का येत नाही ते सांगते. गावाचं मधलं मैदान म्हणजे रारा. तिथे लग्नं लागतात, तिथेच मढं ठेवतात. ते नाव माझ्या मुलीने खानावळीला दिलं. दारावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवणारी माणसं आपण, आणि ती चमचाभर मासा करवंटीत घालून बिल पुढे करते. ऑकलंडला मोठमोठ्या हॉटेलांत राहून हेच शिकली. मी सुवाला उतरले की तुम्ही सगळे मला दंडाला धरून तिथे नेणार. म्हणून बोट चुकते. कळलं?

तूच गावी ये. इथे उतरवते तुझं सुतक, आणि पोटभर खाऊ घालते. वाळली असशील.

आठवण ठेव.
तोरिका

*

सुवा, २९ मे

ती. तोरिका वन्संना,
नमस्कार. वि. वि.

कारण स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. मी इथे गुडघ्यांसाठी तेल शोधत फिरत होते.

बिलाचं म्हणाल, तर कंदावूच्या माणसाकडून वासिती पैसे घेत नाही. त्यामुळे निम्मं सुवा अचानक कंदावूचं झालंय. ती मग एकेकाला कुठलं गाव, कोणाचा कोण, असं खोदून विचारते. परवा एक लौटोकाचा वकील पकडला गेला. तरीही त्याला जेवू घातलं, फक्त बिल दिलं.

तिच्याशी गोड बोला असं मी म्हणत नाही. तुमचं तुम्ही बघा. पण यांची कबर इथे आहे. ती सोडून गावी जाऊन मी काळे कपडे उतरवणार नाही. या कपड्यांचा मला कंटाळा आलेला नाही, सवय झालीय. हल्ली सकाळी हात आपोआप काळ्या झग्याकडे जातो, आणि यांची आठवण नंतर येते. मला याची भीती वाटते, वन्सं. म्हणून या.

वाट पाहते.
अकोसिता

*

कंदावू, ११ जून

चि. अकोसिता हिला आशीर्वाद. वि. वि.

शनिवारच्या बोटीने येते. तुझ्यासाठी येते, दुसऱ्या कोणासाठी नाही. ताजी सुरमई बर्फात घालून आणते. उतरवण्याचा घास आपल्या घरात बहिणीच्या हातचा असतो, तर कोकोंदा मीच करणार, तुझ्या स्वयंपाकघरात. लिंबं आणि नारळ तेवढे आणून ठेव. वासितीला कळवलंस तर धक्क्यावरूनच परत फिरेन.

तोरिका

*

सुवा, २६ जून

ती. तोरिका वन्संना,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमची बोट सुटल्यावर धक्क्यावर मी बराच वेळ उभी होते. तुम्ही मला घातलेला निळ्या फुलांचा झगा वाऱ्याने उडत होता, आणि इतक्या दिवसांनी अंगावर रंग म्हणून मला लाजल्यासारखं झालं.

इथे सगळीकडे तुमचंच नाव निघतंय. कबरीवरचा विधी कोणाला ठाऊक नाही, पुढचं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या स्वयंपाकघरात नारळ खवताना तुमची बोटं आखडली, अर्धी वाटी हातातून निसटून मोरीपाशी गेली, आणि तुम्ही कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसलात. मग मला चपला घाल म्हणालात. माशाची पेटी मला उचलू दिली नाहीत, चढावरही नाही. भर दुपारच्या गर्दीत राराच्या व्हरांड्यात उभं राहून लेकीला म्हणालात की मासा गरम होतोय, बघत काय बसलीस.

कांद्यावरून तुमचं जे जुंपलं ते औतारांच्या सुनेपर्यंत पोचलंय. वासिती म्हणाली की या स्वयंपाकघरात तिचं चालतं, तुम्ही म्हणालात की मासा तुमचा आहे. लोकांनी जेवणं थांबवली होती. शेवटी कांदा तुमच्या मनासारखा पडला आणि मिरची तिच्या. जाताना तुम्ही खुर्च्या टोचतात एवढंच म्हणालात. तिने उशा शिवायला टाकल्यात.

आता एक सांगायचं आहे, तिथे सांगता आलं नाही. तुम्ही घास भरवलात तेव्हा मी तोंडावर हात ठेवला, आणि मीठ कमी पडलं का असं तुम्ही विचारलंत. मीठ बरोबर होतं. यांच्याशिवाय त्याला चव लागणार नाही असं मी धरून चालले होते. पण चव लागली. वन्सं, इतका चांगला कोकोंदा मी यांच्या पंगतीलाही खाल्ला नव्हता, आणि यांच्या बहिणीसमोर ते कबूल करायला जीभ उचलेना. म्हणून मी नुसती वाटी संपवली, आणि वासितीने न विचारता पुन्हा भरली तेव्हा तीही.

ना माया कमी करा, ना टोमणे.
तुमची अकोसिता