किल्ली काढल्यावर चालणारा पंखा

मंगळवार, ४

आज पुन्हा गाडीचा, इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला. घरून निघून पाच मिनिटंही झाली नव्हती. आधी दिवा, मग दोन्ही गुडघ्यांना भट्टीसारखी धग, मग तो गोडसर जळका वास. मागचे हॉर्न वाजवतायत आणि मी एवढं मोठं धूड ढकलत फुटपाथला लावतेय. पाठीवर चष्म्यांची पेटी. एकाही माणसाने हात लावला नाही.

दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या, ते दोन गल्ल्यांवर आहे, चालत जाते. संध्याकाळी घरी येऊन मोटरसायकल काढायची आणि तयार चष्मे पुलापलीकडच्या दुकानांना पोचवायचे. ऐकायला सोपं आहे. पण सिग्नलला उभं राहायचं म्हटलं की मला नको वाटतं.

कारण बाबांना सिग्नललाच झालं. मी मागे बसले होते. ते पाय टेकून उभे, आणि एकदम त्यांची मान उजवीकडे कलली. मला वाटलं, शेजारच्या गाडीकडे बघतायत. मग गाडी कलली, मग आम्ही दोघं. रस्त्यावर त्यांचं सगळं अंग ताठ, झटके देत होतं. आकडी म्हणाले डॉक्टर. पुन्हा कधीही येऊ शकते, वर्षभर गाडीला हात लावायचा नाही. घरी आल्यावर बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. दुसरी किल्ली त्या धावपळीत कुठेतरी पडली, असं आई म्हणते.

आणि आता गाडी मी चालवते. मी, भित्री भागूबाई.

बुधवार, ५

दिवा लागल्याचं घरी सांगितलं. बाबा खिडकीशी पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "इंजिनचा पंखा गेलाय. आठवडा झाला, त्याचा आवाजच नाही."

आईने ताट जरा जोरातच ठेवलं. "तुम्हाला इथे बसून कुठला आवाज येतो?"

बाबांनी पान उलटलं. मला भरून आलं. गाडी सुटली तरी कान तिच्याकडेच लागलेत त्यांचे.

मग आईने मला विचारलं, "म्हणजे मध्येच बंद पडेल का? भर रस्त्यात?" तिने आजवर गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. माझ्या काळजीने, बिचारी.

गुरुवार, ६

मेकॅनिककडे गेले. एका गाडीखालून नुसते पाय दिसत होते, पायांशीच बोलले.

"किती चालवल्यावर दिवा लागतो?"

"पाच मिनिटं."

"त्याआधी?"

"त्याआधी काही नाही. दिवसभर शेडमध्ये उभी असते."

पाय थांबले. माणूस बाहेर आला. "ताई, थंड इंजिन पाच मिनिटांत उकळत नाही. पंखा असो नाहीतर नसो. आधी कुणीतरी फिरवून आणत असणार."

"किल्ली माझ्या पर्समध्ये असते."

"मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या आतलं पॅकिंग गेलं असेल. इंजिन खोलावं लागेल." आणि पुन्हा गाडीखाली गेला. जाताना म्हणाला, "पेट्रोल जास्त पितेय का?" पितेय. मी हो म्हटलं. तो नुसता हं म्हणाला.

घरी यातलं काही बोलले नाही.

शुक्रवार, ७

आईने आज परत बाबांच्या आकडीचं विचारलं. आधी मान कलली की आधी हात सुटला? किती वेळा सांगू! आधी मान. उजवीकडे. मला ते आठवायचं नसतं आणि ही भाजी निवडत बसून विचारते.

रविवार, ९

सुट्टी. मेकॅनिकने फोनवर सांगितलं तसं केलं. गाडी शेडच्या दारात, रात्रभर उभी, इंजिन पार गार. चालू करून तशीच सोडली आणि बघत बसले. बाबा स्टुलावर, हात मांडीखाली घेऊन. मीच बसवलं होतं तसं.

तापायला किती वेळ लावला तिने! मला कंटाळा आला, भीतीसुद्धा पातळ झाली. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे नाहीत, मागून पांढरा धूर नाही. म्हणजे गॅस्केट शाबूत. शेवटी दिवा लागला. पंखा मात्र ढिम्म. फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. बाबा म्हणाले, "पंख्याच्या मोटरवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हळूच टकटक कर." केलं. पातं खरखरत दोन वेढे फिरलं आणि अडकलं.

"मोटर गेली," बाबा खुशीत म्हणाले. मेकॅनिकलाही फोन केला. तोही म्हणाला मोटर. नवा पंखा मागवतो, तोवर गाडी बाहेर काढू नका.

आणि मग ते झालं. मी फोनवर असताना बाबा उठले आणि त्यांनी हँडल धरलं. नुसतं धरलं, जरासं ॲक्सिलरेटर पिळलं. मी एवढ्यांदा ओरडले की शेजारची खिडकी उघडली. त्यांनी हात असा मागे घेतला जसं काही चटका बसला. मग स्टूल उचलून आत गेले. आई दारातून सगळं बघत होती.

वाईट वाटलं. पण माझी काय चूक? मला त्यांची मान दिसते. ते हँडलजवळ गेले की मला फक्त मान दिसते.

एक गोष्ट राहिली. आज एवढा वेळ लागला तापायला, मग रोज पाच मिनिटांत कशी तापते? बाबांना विचारलं तर म्हणाले, "रहदारीत तापतेच गं." चष्मा पुसत म्हणाले. चष्मा माझ्याच हातचा आहे, स्वच्छच होता. ठीक आहे. पंखा बिघडलाय हे तर खरं. घाबरट माणसाला एवढं कारण पुरतं.

गुरुवार, १३

चार दिवस बसने जातेय. पेटी मांडीवर, कुणाचा तरी कोपर बरगडीत. तरीही बरं वाटतं, सिग्नल आला की डोळे मिटून घेता येतात.

घरात मात्र कुणाला काय झालंय कळत नाही. बाबा शेडपर्यंत जातात, परत येतात. आई त्यांच्यावर खेकसते. मग दोघं मला विचारतात, पंखा आला का.

रविवार, १६

पंखा बसवला. मी बसवला!

मेकॅनिकचं गॅरेज भरलेलं, म्हणाला आठवडा थांबा. बाबा म्हणाले, "अगं, चष्म्याचे स्क्रू दिसतही नाहीत, ते बसवतेस. हे बोल्ट तर बोटाएवढे आहेत." स्टुलावर बसून दुपारभर उंटावरून शेळ्या हाकल्या त्यांनी. बाजूचं झाकण काढ. तो नको, त्याच्या खालचा. रेडिएटरची बारीक जाळी वाकवू नकोस, चष्म्याची काडी समज. मी किल्ली काढून खिशात ठेवली, वर पंख्याचा फ्यूजही काढून ठेवला. पात्यात बोट गेलं तर माझा धंदाच बसेल.

तीन बोल्ट. एक गंजलेला, त्याने रडवलं. वायरीची जोडणी ओढून सोडवली. जुना पंखा हातात आला तर बोटाने फिरवूनही फिरेना, आत घासत होता. नवा एका टिचकीत गरगरला. बसवला, रेडिएटरमध्ये कूलंट भरलं, फ्यूज लावला, गाडी चालू केली आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो.

आणि लागला! घुर्रर्र करून इतका जोरात की मी मागे बाबांच्या स्टुलावर आदळले. बाबा हसले. मग मी किल्ली काढली, तर इंजिन बंद आणि पंखा चालूच. माझं धाबं दणाणलं. म्हटलं, आता काय उलटं जोडलं मी?

"काही नाही गं. या गाडीत त्याचा आणि किल्लीचा संबंध नाही. इंजिन तापलेलं असेल तोवर फिरणार, निवलं की आपसूक थांबेल." खरंच थांबला. बाबांना चार महिन्यांत इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मी त्या दिवशी ओरडले होते त्याबद्दल काही बोलावं असं वाटलं. त्याऐवजी बाबांच्या हाताला साबण लावून दिला फक्त.

मंगळवार, १८

दिवा लागला नाही. पुलावर एवढी गर्दी होती तरी नाही. जीव भांड्यात पडला. येताना सिग्नलला चक्क गुणगुणत होते.

बुधवार, १९

आज निघाल्या निघाल्या, गल्लीच्या तोंडाशीच पंखा सुरू झाला. इतक्या लवकर? असेल. नवा आहे, उत्साही आहे.

घरातही सगळं छान. आईसुद्धा खेकसत नाही.

शुक्रवार, २१

दुकानात वीज गेली. मालक म्हणाले जा. नेहमीपेक्षा बरीच लवकर घरी आले.

शेडमध्ये पंखा चालू होता.

किल्ली माझ्या पर्समध्ये. पर्स माझ्या खांद्याला. मी इंजिनजवळ हात नेला, धग लागली. खुंटीवर दोन हेल्मेट. दोन्ही आतून घामाने ओली.

आत बाबा खिडकीशी पेपर धरून. आईचे केस डोक्याला चप्प बसलेले. दुसरी किल्ली तिच्याच हातात होती, लपवायलाही विसरली. मी म्हटलं, कधीपासून?

आई म्हणाली, "ते थांबणार नव्हते. म्हणून किल्ली मी ठेवली. मी मागे बसल्याशिवाय देत नाही."

"आई, तू मागे बसून काय करणार आहेस?"

"मानेवर नजर ठेवते. तूच सांगितलंस ना, आधी मान कलते म्हणून."

हो, मीच सांगितलं. मान कलल्यावर मला बाबा म्हणून हाक मारायलाही वेळ मिळाला नव्हता, एवढं मात्र तिला कधी सांगितलं नाही.