गडगडी पडद्यावर

१२ जानेवारी १९५७, चिंचवड
फिल्म कंपनीकडून चित्रकथेचं बाड आलं. शाळेतून आल्यावर चहाही न घेता वाचायला बसले. माझी गडगडी कुठे सापडेना. माझ्या पुस्तकात ती पहिल्याच पानावर येते. ताडाएवढी उंच, काळी, पुढचे दोन दात पडलेली राक्षसीण. डोंगरामागे तिचा ढगांचा गोठा. रोज पहाटे ढगांच्या धारा काढते, म्हणून खाली पाऊस. राजा ढग मागतो, ती देत नाही. बाडात तिच्या जागी कोणी 'मेघमाला'. शापित अप्सरा, गोरी, नाजूक. वीणा वाजवते. राजपुत्राचा हात लागला की शाप सुटतो, मग लग्न.
वीणा!
हे देहूरोडहून, लष्करी डेपोतून आले तेव्हा मी रडत होते. म्हणाले, "करारावर सही करताना वाचलं नव्हतंस?" वाचलं होतं. 'आवश्यक ते फेरफार' असं होतं. मला वाटलं, फेरफार म्हणजे एखादा प्रसंग मागेपुढे.

१३ जाने., रवि.
सकाळी कोंडाबाई दूध घालायला आली. पिंपरी गावठाणातली. पाच म्हशी, नवरा गेल्यापासून एकटीच्या जिवावर. गडगडी म्हणजे हीच, हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. आज राहवलं नाही.
दुधाचं माप हातात तसंच. "म्हंजी मी राक्षसीण व्हय?"
आता हिचं दूध बंद, असं मनाशी म्हटलं. तर विचारते, "राजाला भिती का ती?"
"नाही."
"मंग असू द्या."
सिनेमात तिला गोरी, नाजूक केलीय, सांगितलं. कोंडाबाई पोट धरून हसली. "आन म्हशी कोन धुनार तिच्या?"
मला हसू आलं नाही. पण दिवसभर तेच डोक्यात. पुढल्या रविवारी पुण्याला जायचंच.

२० जाने., रवि.
स्टुडिओत गेले. दिग्दर्शक, सगळे त्यांना रावसाहेब म्हणतात, सभ्य माणूस. उठून खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, पुस्तकात प्रत्येकजण आपापली गडगडी रंगवतो. मला पडद्यावर एकच दाखवायची आहे, आणि तिच्याकडे लोकांनी अडीच तास बघितलं पाहिजे."
म्हणणं अगदीच खोटं नाही. तेच जास्त लागलं.
"माझ्या वर्गातल्या मुली गडगडीसाठी भांडतात," मी म्हटलं.
"तुमच्या मुली फार गोड आहेत. पण थिएटर त्यांच्यावर भरत नाही."
बाहेर पडले तर पायऱ्यांवर इंदुमती. मेघमाला तीच करणार आहे. मी ओळख सांगितल्यावर बावरली. "यावर पुस्तक आहे? मला कोणी बोललंच नाही." पिशवीत माझी स्वतःची प्रत होती, समासभर खुणा केलेली. तिच्या हातात कोंबली आणि स्टेशन गाठलं. गाडीत पश्चात्ताप. ती कशाला वाचतेय.

२ फेब्रु.
वाचलं! इंदुमतीचं पत्र. "बाई, आठ चित्रपट मी गजरा माळून लाजते आहे. आता कंटाळा आला. मला गडगडी करायची आहे. पण ती बोलते कशी, ते ऐकल्याशिवाय जमणार नाही. ऐकवाल का?"
ह्यांना दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. भाजी लागली खाली.

१० फेब्रु., रवि.
इंदुमती आली. साधं सुती लुगडं, डोक्यावरून पदर. तरी चिंचवड स्टेशनवर दोघांनी ओळखलंच. टांग्यानं पिंपरीला, थेट कोंडाबाईच्या गोठ्यात. तिनं इंदुमतीला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "पोरी, आदी शेण काढ. बोलनं मंग."
काढलं हो! नाकाला पदर न लावता काढलं. म्हशीनं शेपटी तोंडावर मारली तेव्हा इंदुमती किंचाळली. कोंडाबाई म्हणाली, "किंचाळू नगं, बोल तिच्याशी. आपून भ्यालो की ती बी भिती." मग कोंडाबाईच म्हशीशी बोलत होती आणि इंदुमती तिच्या तोंडाकडे बघत होती, माझ्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी बघते तशी.
माझ्याकडेच राहिली. उद्या परत गोठा.

११ फेब्रु.
शाळा सुटल्यावर गोठ्यावर गेले. बाहेर उभी राहिले. आत कोंडाबाई कोणावर तरी खेकसत होती, "सर तिकडं! सरतीस का न्हाई?" डोकावले तर खेकसणारी इंदुमती. कोंडाबाई कडब्यावर बसून पान लावत होती.
पाच वर्षांपूर्वी लिहिताना कानात जो आवाज होता, तो बाहेरून ऐकला.
जाताना इंदुमती म्हणाली, "रावसाहेबांना आधी काही सांगायचं नाही. सांगितलं की चर्चा होते, आणि चर्चेत मी हरते. कॅमेऱ्यापुढे नाही हरत."

२६ फेब्रु., मंगळ.
आजचा दिवस नीट लिहून ठेवते.
रजा काढून गेले. राजदरबाराचा प्रसंग. पुठ्ठ्याचे खांब, सोनेरी सिंहासन. मेघमालेनं हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून राजाकडे ढगांची भीक मागायची, असं बाडात. इंदुमती तयार होऊन आली. वेण्या नाहीत, पावडर नाही, तोंडाला काजळी फासलेली. पुढचे दोन दात काळे केलेले. चालत आली तीच कोंडाबाईसारखी, पाय फाकून, रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी. रावसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "हे काय?"
"एकदा घेऊन बघा," ती म्हणाली. "नाही आवडलं तर टाकून द्या. मी तोंड धुऊन येते."
काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी हात वर केला. कॅमेरा सुरू.
राजा म्हणाला, तुझे ढग आजपासून राजधानीचे. इंदुमतीनं हात जोडलेच नाहीत. मग सिंहासनाच्या पायरीवर ऐसपैस बसली आणि, म्हशीला समजवावं तशी, हळू आवाजात म्हणाली, "राजा, तू धार काढलीस का कदी? न्हाई ना? मंग मागतुस कशाला? माजं ढग हायती. मी देनार न्हाई."
एवढंच. ओरडली नाही, रडली नाही.
वर माळ्यावर दिवे धरणारी माणसं असतात. रोज दहा प्रसंग बघणारी, कशानं न हलणारी. त्यांतला एक वरून ओरडला, "देऊ नको बाई!" आणि मग सगळ्यांच्या टाळ्या. राजा झालेला नटही हसायला लागला. फिल्म वाया गेली म्हणून रावसाहेब भडकणार, मी डोळे मिटून घेतले.
रावसाहेब म्हणाले, "पुन्हा घ्या. असंच घ्या. आणि वर कोणी तोंड उघडलं तर याद राखा." मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही थांबा. संवाद बदलावे लागतील."
मी! मी चार वाजेपर्यंत पुठ्ठ्याच्या खांबाला टेकून संवाद लिहिले!

३ मार्च, रवि.
रावसाहेबांशी वाटाघाट. नाव गडगडीच. बोली तीच. वीणा गेली. मात्र गाणी तीन राहणार, आणि गडगडी नाचणार. मी "नाही" म्हटलं. ते म्हणाले, "राक्षसिणीला आनंद होत नाही का?" गाणी मान्य.
शेवटाचं मात्र बोलेनात. माझ्या पुस्तकात ती ढग हाकत एकटीच डोंगरापलीकडे जाते. "बघू," एवढंच म्हणाले.

२५ ऑक्टो., शुक्र.
पुण्यात पहिला खेळ. हे, मी, कोंडाबाई. ती नवं लुगडं नेसून. दरबाराच्या प्रसंगाला अख्खं थिएटर उभं. कोंडाबाईनं माझा हात धरला तो सोडेना. नाचाला मी मान खाली घालणार होते, पण इंदुमती पाय आपटून, धूळ उडवत नाचली, आणि मलाच ताल धरावासा वाटला.
मग शेवट. गडगडी ढग हाकत निघते. पुस्तकातलं माझं वाक्य, जसंच्या तसं. आणि मागून राजपुत्र धावत येतो, मुकुट काढून ठेवतो, हातात खराटा घेतो. ती म्हणते, "आदी शेण काढ." पडदा.
हशा आणि टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी. मी एकटी रागावलेली. माझी गडगडी एकटी जाते! त्यातच तर सगळं आहे.
बाहेर कोंडाबाईला विचारलं, शेवट कसा वाटला. म्हणाली, "खराटा धरायला कोन आलं तर वंगाळ काय त्यात? मला न्हाई कोन आलं." आणि टांग्यात चढली.
आम्हीही मागोमाग चढलो.

१४ डिसें., शनि.
पिंपरी कॅम्पात, सिंधी निर्वासितांच्या वसाहतीत, तंबूत सिनेमा लागला. पहिल्या खेळाला गेले. बायकांच्या बाजूला सिंधी बायका, औषधाच्या कारखान्यातल्या मुली, गावठाणातल्या सगळ्या. शेजारच्या सिंधी बाईला मराठी अर्धंच कळत होतं. पण "देनार न्हाई"ला ती माझ्याआधी उठली. आणि माझ्या मागं गावठाणातली एकजण दुसरीला सांगत होती, "ही आपली कोंडी हाय. आपली कोंडी."
घरी येताना वाटेत मोठ्यानं हसले. एकटीच.

२२ डिसें., रवि.
दुसरा भाग लिहायला घेतला. सकाळी दोन पानं झाली. काल वर्गात मुलींना गडगडीचं चित्र काढायला सांगितलं होतं. चाळीसच्या चाळीस चित्रांत खराटा. पुस्तकात खराटा कुठेच नाही. चित्रांत तोंड मात्र प्रत्येकीचं वेगळं, त्यातलं एकही इंदुमतीचं नाही. 'पडद्यावर एकच' म्हणणाऱ्या रावसाहेबांना कळवायला हवं.
लिहिताना ढगांच्या गोठ्याबाहेर तो येऊन उभा राहिला. राजपुत्र. मी त्याला बोलावलेलं नाही. गडगडीनंही अजून मान वर केलेली नाही. ती धार काढतेय, तिचं होईतो त्याला थांबू दे. मग तीच काय ते ठरवील.